चल, काऊ बघू

"मॅडम, एक विचारू? पोरगी बापालाच नको म्हणते, असं असतं का कुठं?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. वय चौतिशीच्या आसपास, खांद्याला फुलाफुलांची पिशवी, कडेवर बावीस महिन्यांची लेक. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बाबामंडळी येतात ती बहुतेक दहावीतल्या पोराला घेऊन, नाहीतर बायकोनं ढकललं म्हणून. एवढं लहान लेकरू घेऊन आपणहून आलेला बाप विरळाच. त्यांच्या परवानगीनंच हे लिहिते आहे. ओळखू येतील असे तपशील बदललेत, आणि लेकीला इथं चिमणी म्हणते.

चिमणीची आई मिरजेला एका दवाखान्यात स्टाफ नर्स. ड्युटी फिरती: एक आठवडा सकाळ, एक दुपार, मग रात्र. बाबा आधी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला होते. लेक झाली तेव्हा तिथं हक्काच्या रजेतले आठ दिवस टाकून आले होते. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपत आली तसं दोघांनी बसून हिशेब मांडला आणि पुण्यातली नोकरी सोडायचं ठरलं. आता ते सांगलीत घरूनच बेदाणा व्यापाऱ्यांच्या जीएसटीची, खतावणीची कामं करतात. चिमणी दुपारी झोपली की लॅपटॉप उघडायचा, ती उठली की मिटायचा. उरलेलं रात्री अकरानंतर. (केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा तरी मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी तसा कायदाच नाही. असो.)

"दिवसभर मी करतो," ते म्हणाले. "उठवणं, नाचणीचं सत्व, आंघोळ, शी-शू, वरणभात, सगळं. आणि आईच्या स्कूटीचा आवाज आला की संपलं. मी कोण आणि कुठला! आईला चिकटली की मला हातसुद्धा लावून देत नाही. 'पप्पा नको, पप्पा नको.' दुपारच्या ड्युटीला आई निघायची वेळ झाली की आणखी वाईट. मी नुसता जवळ गेलो तरी किंचाळतीय."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात भलतंच काम करत होता. चिमणीनं पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला होता. आत साधे चिरमुरे, त्यात चार-पाच शेंगदाणे पडलेले. बाबांच्या बोटांनी न बघता, चाचपून, एकेक शेंगदाणा बाहेर काढला आणि शर्टच्या खिशात टाकला. मग डबा तिच्या हातात. "आईनं घातलेत, माझ्या आईनं," ते म्हणाले. "कितीदा सांगितलं, एवढ्या लहानाच्या घशात दाणा अडकतो म्हणून." आणि परत तक्रार जिथं सोडली होती तिथून सुरू.

मी ऐकत होते ते लेकीकडे बघत. ती कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्यांकडे गेली. एक उचलला. मागं वळून बघितलं, बाबा आहेत. परत ठोकळे. दोन मिनिटांनी आली, बाबांच्या गुडघ्यावर ओला हात ठेवला, काही मागितलं नाही, परत गेली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी दार आपटलं. ती दचकली आणि सरळ धावत येऊन बाबांच्या पोटात तोंड खुपसलं. मी तिच्यापासून दोन हातांवर होते, ते सहा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे बघितलंत का?" मी विचारलं.

"काय?"

त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. मांजर चुलीपाशी येऊन बसावं तसं ते इतकं रोजचं की त्याची नोंदच नाही. आमच्या कामात लेकराला कुणाचा लळा आहे हे बघायची यापेक्षा चांगली खूण नाही. ते कुणाच्या जिवावर लांब जातं आणि भ्यालं की कुणाकडे पळतं, एवढं बघायचं. १९६४ साली प्रसिद्ध झालेला ग्लासगोचा एक अभ्यास आहे, ६० बाळांचा. त्यात दीड वर्षापर्यंत चारातल्या तीन बाळांना वडिलांचाही लळा लागलेला दिसला. आणि जो भरवतो-धुतो तोच सगळ्यांत लाडका, असंही दरवेळी निघालं नाही. हाकेला ओ देणारं माणूस बाळाला लागतं.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा तसाच. मी समजले, अजून काहीतरी राहिलंय. ते बाहेर यायला आणखी दहा मिनिटं लागली.

गेल्या आठवड्यात, म्हणाले, रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. रात्रभर जागरण, दिवसभर ही अंगावर. संध्याकाळी आई आल्यावर त्यांनी चिमणीचं नुसतं नाक पुसायला हात पुढं केला. तिनं तो झटकला, "पप्पा नको." त्यांनी तिला उचलून आईपुढं धपकन ठेवलं आणि ओरडले, "जा मग तुझ्या आईकडंच! माझ्याकडं यायचं नाही परत!" ती रडली नाही. गप्प झाली. "ते गप्प बसणं बघवेना मला, मॅडम."

इथं मी घाई केली नाही. झोप किती होते, भूक लागते का, कशात मन रमतं का, सगळं सोडून जावंसं वाटतं का, हे विचारून घेतलं. बायका बाळंत झाल्यावर उदास होतात हे आता घराघरांत ऐकून माहीत आहे. गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण दहातल्या एका बापालाही नैराश्य गाठतं, हे मात्र कुणी बोलत नाही. पुरुषात ते रडण्याऐवजी पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. यांचं तितकं नव्हतं. झोपेची थकबाकी होती आणि मनाला लागलेलं होतं. तरी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लिहून दिला, कारण रात्री दोनला मी फोन उचलणार नाही. आणि एक गोष्ट बजावली: राग डोक्यात चढला की लेकराला खाली गादीवर ठेवायचं, दारापर्यंत जायचं, पाणी प्यायचं. ते दोन मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. रागात गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

मग त्यांना गृहपाठ दिला: एका दिवसाचा रोजनामचा लिहून आणा. हिशेबी माणूस, आनंदानं कबूल झाले.

पुढच्या खेपेला रेघा मारून आणलेला कागद माझ्यापुढं आला. डाव्या रकान्यात वेळ, उजवीकडे मजकूर.

६.४०: उठली. आईला हाक. आई झोपलीय म्हटल्यावर माझ्याकडं.
७.३०: सत्व अर्धी वाटी. उरलेलं मी.
९.१५: आंघोळ. साबणाशी भांडण.
१२.००: वरणभात. अर्धा फरशीला.
१.१०: काऊ दाखवला. ही गेली.
१.२०: रडणं, ३५ मिनिटं.
१.५५: झोप. काम सुरू.

मी बोट ठेवलं. "हे 'काऊ दाखवला, ही गेली' म्हणजे?"

"ते होय! ते रोजचंच आहे." ते हसले. "दोनची ड्युटी, त्यामुळं सव्वाला निघावंच लागतं. समोरून गेली की ही आकांत करतीय. म्हणून मी तिला मागच्या गॅलरीत नेतो, 'चल, काऊ बघू' म्हणून. तिकडं लिंबावर बसलेले असतात. तोवर ही पुढनं चपला हातात घेऊन खाली. स्कूटी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेते, आवाज नको म्हणून."

"आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही काऊ बघायला बोलावलंत तर?"

हसू थांबलं. "येत नाही. आईच्या गळ्याला मिठी मारतीय. पप्पा नको म्हणतीय."

मी काहीच बोलले नाही. खिडकीबाहेर कुणाची तरी एसटी गाठायची धावपळ चालली होती. ते कागदाकडे बघत राहिले, आणि मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी तिला घेतलं की आई जाते."

बावीस महिन्यांच्या जिवाला घड्याळ कळत नाही, मिरज कळत नाही, ड्युटी कळत नाही. त्याला क्रम कळतो. पप्पांनी प्रेमानं हात पुढं केला, आपण गेलो, काऊ बघितला, वळून पाहिलं तर आई नाही. हे रोज. मग त्या लेकरानं शहाणपणानं काढलेला निष्कर्ष असा की आई हवी असेल तर पप्पांकडे जायचं नाही. तिचं 'पप्पा नको' म्हणजे 'आई जाऊ नको' होतं. एवढंच, की आईला अडवता येत नाही आणि पप्पांना अडवता येतं.

गुपचूप सटकणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की ते कुणाला चुकीचं वाटतच नाही. आज्या तर ते शिकवतातच, "तिचं लक्ष नाही तोवर जा बाई." हेतू चांगला, लेकरू रडू नये हा. पण आठ-नऊ महिन्यांपासून बाळाला माणूस दिसेनासं होण्याची भीती वाटायला लागते, आणि सव्वा-दीड वर्षाच्या आसपास ती बहुधा ऐन भरात असते. त्याच दिवसांत माणूस न सांगता गायब होऊ लागलं, तर ते कोणत्याही क्षणी होईल म्हणून लेकरू सारखं पहाऱ्यावर राहतं. पहाऱ्यावरचं पोर खेळत नाही, सोडत नाही, दुसऱ्याकडे जात नाही.

तिसऱ्या भेटीला आईलाही बोलावलं. रात्रपाळी करून तशीच आली होती, डोळे लाल. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रडवून जायचं?" होय. सांगून जायचं. दारात उभं राहायचं, पप्पांच्या कडेवरच्या चिमणीला म्हणायचं, "आई ड्युटीला जाते. तू झोपून उठशील, दूध पिशील, पप्पांबरोबर फिरून येशील, मग आई येईल." पापा, टाटा, आणि मग थांबायचं नाही. दोनदा मागं फिरायचं नाही. शब्द रोज तेच. रडू आलं तर पप्पांनी काऊ-चिऊ दाखवून ते उडवायचं नाही. "आई गेली, वाईट वाटलं ना" म्हणून जवळ घेऊन बसायचं. काऊ महिनाभर बंद.

आणखी दोन गोष्टी बोलता बोलता निघाल्या. एक, घरात येणारा प्रत्येक जण चिमणीला विचारायचा, "तू कुणाची? पप्पांची का मम्मीची?" आणि उत्तरावर सगळे खो खो हसायचे. हा खेळ बंद करा म्हटलं. हरणाऱ्याला तो खेळ वाटत नाही. दुसरी, आई घरी आली की पप्पांनी पुसलेलं तोंड पुन्हा पुसायची, बांधलेलं लंगोट पुन्हा बघायची. ती म्हणाली, "सवयीनं होतं, सगळ्याच पेशंटचं बघते की मी." मी म्हटलं, तुमच्या वॉर्डात दुसऱ्या नर्सनं लावलेलं सलाईन तुम्ही तिच्यादेखत उपसून पुन्हा लावता का? ती हसली, पण पोचलं. ठरलं असं की ज्यानं काम हातात घेतलं त्यानंच पुरं करायचं. चिमणी 'पप्पा नको' म्हणाली तरी आईनं धावायचं नाही. "पप्पा घालतायत, मी इथंच बसलेय" एवढंच.

पहिला आठवडा वाईट गेला. मी सांगितलं होतं त्यापेक्षाही वाईट. दुसऱ्या दिवशी चिमणी पाऊण तास रडली, खालच्या मजल्यावरचे काका वर आले, "काय झालंय हो, मारलं काय?" तासगावहून आजीचा फोन, "पोरीला रडवायची कसली ही हौस!" बूस्टरच्या लसीला बाबा घेऊन गेले तर तिथल्या बाईंनी नेहमीप्रमाणे त्यांच्या मागं कोण आहे ते बघितलं, "आई कुठंय?" त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. नुसतं एवढंच सांगायला की आज सोडून द्यावंसं वाटतंय. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. त्याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी रडणं दहा मिनिटांवर आलं. रोजनामचा चालूच होता, हिशेबी माणूस. १.२०: रडणं, ९ मिनिटं. नंतर स्वतःहून 'आई डूटी' म्हणाली. संध्याकाळी ते तिला घेऊन कृष्णेच्या घाटावर जायला लागले. आयर्विन पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजायच्या, तिच्या हिशेबात सगळ्याच 'दोन'. ती वेळ फक्त दोघांची. आईला सुट्टी असली तरीही ती वेळ दोघांचीच.

'पप्पा नको' काही पूर्ण गेलं नाही. दमल्यावर, भूक लागल्यावर, आई दारातून आल्यावर ते अजून निघतं. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं संध्याकाळी कुठंतरी सांडायचंच. आई आली की ते आता वीस मिनिटं खाली दुकानात जाऊन येतात, फुगून नव्हे, चहापावडर वगैरे आणायला.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता कसं काय?

"बरं आहे. काऊही सुरू झाला परत, तिनंच ओढत नेलं." मग जरा खाकरले. "एक नवीनच झालंय फक्त. न सांगता कुणी हललेलं चालत नाही. मला संडासात जायचं तरी दारात उभं राहून सांगावं लागतंय, पप्पा जातो, पप्पा येतो. पापा, टाटा. आणि आत गेल्यावर दोन मिनिटांनी कडी वाजवतीय बाहेरनं, 'पप्पा, आला?'"