इंजिन उतरवण्याआधी

धरमपेठ, नागपूर

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. १९५७ ची एमजीए १५०० ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, मूळ इंजिन जागेवर, आणि ब्लॉकवरच्या पट्टीचा क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळणारा, असा योग आपल्या शहरात क्वचितच पाहायला मिळतो. इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या पेटीसह बसवून देतो, असे गॅरेजवाल्याने तुला सांगितले आहे आणि तू मला फक्त होय की नाही एवढेच विचारले आहेस. माझे उत्तर नाही असे आहे. मात्र ते जुन्या वस्तूंवरच्या मायेपोटी दिलेले नाही, हे तुला पटावे म्हणून पत्र थोडे लांबेल.

गाडी बुटीबोरीपर्यंत जाईतो तापते, चढावर ओढत नाही आणि उभी केली की खाली तेल सांडते, अशा तुझ्या तक्रारी आहेत. त्या वाचून कोणताही मिस्त्री ‘इंजिन गेलं’ म्हणेल, कारण इंजिन बदलण्याचे काम एका ठोक रकमेत ठरते आणि दोष शोधण्याच्या कामाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते. परंतु तुझ्या पत्रात एकही मोजमाप नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) किती, तेलाचा दाब किती, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) कुठे लावले आहे, यांतले काहीच कोणी पाहिलेले दिसत नाही. ज्या इंजिनाचे मोजमाप झालेले नाही ते काढून टाकण्याचा निर्णय घेता येत नाही, एवढेच माझे मुख्य म्हणणे आहे.

प्रथम हे इंजिन काय आहे ते समजून घे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातले हे १४८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे, बिडाच्या ब्लॉकचे आणि तीन मेन बेअरिंगांचे इंजिन आहे. आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरला सुरुवातीला साइड व्हॉल्व्हचे (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले) इंजिन होते. ते काढून कारखान्याने जे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे (झडपा वर असलेले) इंजिन बसवले, ते याच घराण्यातले आणि याच क्षमतेचे. ॲम्बॅसेडरला एकच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि सौम्य ट्यूनिंग होते, तर एमजीएला दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आणि ७२ अश्वशक्ती. म्हणून तुझी गाडी विलायती असली तरी तिचे इंजिन नागपूरला परके नाही. सरकारी ॲम्बॅसेडरवर हात बसलेले, आता साठी-सत्तरीतले मिस्त्री अजून शहरात आहेत. त्यांना टॅपेटचा (झडप हलवणाऱ्या भागाचा) आवाज ऐकून फट कमी आहे की जास्त हे कळते, आणि या कामात संगणकाच्या स्कॅनरपेक्षा तो कान अधिक उपयोगाचा आहे. असा एखादा माणूस गाठ.

आता तापण्याचे पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. त्या दोहोंमध्ये कारखान्याने पत्र्याचा एक उष्णतारोधक पडदा दिलेला असतो. तुझ्या तिसऱ्या छायाचित्रात तो मला दिसत नाही. कोणीतरी कधीतरी काढला आणि परत लावला नाही, असे वाटते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, सिग्नलवर उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतले) पेट्रोल त्या पडद्यावाचून उकळू लागते आणि गाडी अडखळून बंद पडते. लोक त्याला इंजिन तापले म्हणतात, पण त्या वेळी पाण्याचा काटा पुष्कळदा जागेवरच असतो. पुढच्या वेळी असे झाले की डॅशबोर्डवर तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान एकत्र दाखवणारी जी गोल तबकडी आहे, तिच्याकडे आधी पाहा.

पाणी खरोखरच तापत असेल तर रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही धुऊन घे. वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी घातलेल्या ब्लॉकमध्ये क्षार आणि गंज मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती, घट्ट बसतो. तो नुसत्या फ्लशिंगने निघत नाही. ब्लॉकच्या बाजूचा नळ उघडला आणि पाणी आले नाही, तर गाळ नळाच्या तोंडापर्यंत चढला आहे असे समज. मग कोअर प्लग नावाची ब्लॉकची बुचे काढून तार घालून खरवडावे लागते. काम चिकट आहे आणि गॅरेजवाले ते टाळतात. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकण्याची आपल्याकडची रीत या गाडीवर मात्र वापरू नकोस. मूळ थर्मोस्टॅटची बाही बायपासचे तोंड झाकते. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच ब्लॉकमध्ये परत फिरते, आणि उपाय म्हणून केलेली गोष्टच गाडी तापवते.

ओढ कमी होण्यामागे मला पेट्रोलाचा संशय जास्त आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन दुबळेही होते आणि गरमही. एसयू कार्ब्युरेटरवर यावर उपाय अगदी सोपा आहे: जेटचा (पेट्रोल येणाऱ्या नळीचा) नट थोडा खाली फिरवला की मिश्रण दाट होते. एका वेळी नटाची एकच कड फिरवावी, दोन्ही कार्ब्युरेटरांवर सारखीच, आणि प्रत्येक वेळी गाडी चालवून प्लगचा रंग पाहावा. जेटभोवती कॉर्कची सील असतात, तीही तपासून घे. जुने कॉर्क आणि जुन्या रबरी नळ्या या पेट्रोलात टिकत नाहीत, आणि तापलेल्या एक्झॉस्टच्या वर गळणारी नळी हा केवळ खर्चाचा विषय राहत नाही. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घे, चार पैसे जास्त पडले तरी.

तेल सांडण्याविषयी दोनच वाक्ये. या इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतेच. क्रँकवर कोरलेले आटे तेल परत आत ढकलतात, त्यामुळे उभ्या गाडीखाली थोडे तेल पडणे हा तिचा स्वभावच आहे. ते एकाएकी वाढले, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये दाब वाढत असल्याची शक्यता धरावी.

तो संशय कॉम्प्रेशन टेस्टने फिटतो. इंजिन गरम असताना चारही प्लग काढ, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, समजा दहा टक्क्यांच्या आत, तर इंजिनाच्या पोटात मोठे काही बिघडलेले नाही. एखादा आकडा पडला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोज. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरचे भोक) झिजले आहेत. न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचे (सिलिंडरांवरच्या झाकणाखालचे) गॅसकेट. व्हॉल्व्हचे निघाले तर हेड उतरवलेच आहे तेव्हा एक्झॉस्टला कठीण सीट बसवून घे, कारण हे इंजिन सीटला झिजण्यापासून वाचवणाऱ्या शिसेयुक्त पेट्रोलाच्या काळातले आहे आणि तसे पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. बोअर झिजला असला तरी घाबरण्याचे कारण नाही. मूळ व्यास ७३.०२५ मिलिमीटर आहे, ०.०४० इंचापर्यंतचे ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात, आणि त्यापुढे लायनर घालता येतो. हिंगणा एमआयडीसीत ही कामे करणारे लोक आहेत. बोअर मारून झाल्यावर मात्र तू स्वतः समोर उभा राहून मोजून घे.

आता तू पत्रात जे स्पष्ट लिहिले नाहीस पण जे मला दिसते, त्याकडे येतो. तुला समृद्धी महामार्गावर गाडी पळवायची आहे. एमजीए टॉप गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना सुमारे २७ किलोमीटरच्या वेगाने जाते, म्हणजे तिथल्या १२० च्या मर्यादेवर इंजिन साडेचार हजारांच्या आसपास फिरत राहणार. पाचव्या गिअरने तो आवाज कमी होईल हे खरे. पण तुझ्या १५०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढच्या चाकांना डिस्क आली ती १९५९ च्या १६०० मॉडेलपासून. या गाडीचे स्प्रिंग, मागचा ॲक्सल, ब्रेक आणि ७२ अश्वशक्ती ही एकमेकांना पाहून ठरवलेली होती. अधिक ताकदीचे इंजिन घातलेस की त्याच दमात ब्रेक बदलावे लागतील, मग व्हील आणि हब, मग ॲक्सल. हिंदुस्थान मोटर्सने आपल्या कॉन्टेसा गाडीतले १४८९ चे इंजिन बदलून इसुझू बसवले तेव्हा त्यामागे कारखान्याचे अभियंते, चाचण्या आणि सुट्या भागांची साखळी उभी होती. तुझ्यामागे एक गॅरेज आहे आणि चॅसिसवर माउंटिंगच्या पट्ट्या वेल्ड करणारा एक मुलगा आहे. त्याच्या हाताविषयी मला शंका नाही; पण सत्तर वर्षांच्या चॅसिसवर ते वेल्डिंग परत फिरवता येत नाही.

कायद्याची बाजूही तुझ्या गॅरेजवाल्याने सांगितलेली दिसत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची त्यांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी होते (आधी नोंदलेली गाडी जुना क्रमांक ठेवू शकते, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो), परंतु चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. आज तुझी गाडी त्या अटीत बसते. इसुझू बसवलेस की ती बसणार नाही, आणि उद्या अपघात झाला तर इंजिन क्रमांकाचा मेळ नाही म्हणून विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळेल. अर्थात व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला रोजच्या वापराची मुभा नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा तुला ती नोंदणी हवी आहे की नाही, हे आधी ठरव.

इंजिन बदलणे नेहमीच चूक, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे एक काळ असा होता की पेट्रोल परवडेना म्हणून चांगल्या चांगल्या गाड्यांत मॅटाडोर व्हॅनचे डिझेल इंजिन घातले गेले. त्या मालकांना मी नावे ठेवत नाही; त्यांना गाडी रोज कामावर न्यायची होती. मूळ इंजिन आधीच हरवलेली एमजीए तुझ्याकडे आली असती, तर मीच तुला इसुझूचा विचार कर म्हटले असते. तुझ्या ब्लॉकला दुरुस्त न होणारी भेग निघाली, तर एक मधली वाट आहे: चांगल्या स्थितीतले ॲम्बॅसेडरचे १४८९ चे इंजिन शोधायचे आणि त्यावर तुझे हेड, मॅनिफोल्ड, दोन्ही कार्ब्युरेटर, पुढची-मागची प्लेट आणि सम्प (तळाचे तेलपात्र) बसतात का ते एकेक करून मोजायचे. जुळवाजुळव करावी लागेल, परिवहन कार्यालयात बदललेल्या क्रमांकाची रीतसर नोंद करावी लागेल, पण चॅसिसला हात लावावा लागणार नाही. तशी वेळ आलीच, तर मूळ ब्लॉक भंगारात देऊ नकोस. तेल लावून, ताडपत्रीत गुंडाळून, लाकडी फळीवर ठेव, आणि उद्या गाडी विकलीस तर तो गाडीबरोबर दे.

गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम दिली नसशील अशी आशा आहे. दिली असलीस तर त्याला सांग की त्याच पैशांत आधी रेडिएटर, ब्लॉकची सफाई आणि कॉम्प्रेशन टेस्ट कर. चांगला माणूस असेल तर तो वाईट वाटून घेणार नाही. चार सिलिंडरांचे आकडे, इंजिन गरम असतानाचा आयडलवरचा तेलाचा दाब आणि चारही प्लगांचे एक छायाचित्र, एवढे मला पाठव. पडदा हरवला असेल तर त्याचा कागदी साचा माझ्याकडे आहे. हेड उतरवायचे ठरले तर मला आधी कळव; नट कोणत्या क्रमाने सोडायचे ते मिस्त्रीच्या समोरच सांगेन.

तुझा,
काका