रात्री 9 चा फोन का उचलत नाही?

प्रश्न : मुलगा म्युनिकला शिकतो. ऑक्टोबर संपल्यापासून आमचा रात्री 9 चा फोन उचलत नाही. एकटा पडलाय का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी घड्याळ पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतलं घड्याळ तासभर मागे जातं. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो आणि मार्चअखेरपर्यंत तसाच राहतो. तुमचे रात्रीचे 9 म्हणजे त्याचे दुपारचे 4.30, अगदी वर्गातल्या तासांची वेळ. रविवारी तिथं बहुतेक दुकानं बंद असतात, तोही मोकळा असेल. तेव्हा आपल्या दुपारी 4.30 ला, त्याच्या 12 ला, निवांत बोला. एरवी ‘जेवलास का?’ एवढा मेसेज पुरे, उत्तराचा तगादा नको.

ओळखी मात्र त्यानंच करायच्या. विद्यापीठाच्या स्वस्त क्रीडावर्गांत नाव घालू दे. नोंदणी सत्राच्या सुरुवातीला होते, जागा पटकन भरतात. फक्त मराठी मुलांतच राहिला तर जर्मन सुधारत नाही, आणि पुढे नोकरीला तेच अडतं.