पालकांचे प्रश्न : पायजमा, ढोल आणि दहावी

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम आहे. साधा पायजमाही मलाच चढवावा लागतो. शिकवायला गेलं की दोघींची चिडचिड होते आणि शाळेची रिक्षा चुकते. – एक आई, सिडको

उत्तर : ताई, सकाळ सोडून द्या. घाईत कुठलंच मूल शिकत नाही. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर 10 मिनिटं काढा. इलॅस्टिकचा, एक माप ढगळ पायजमा घ्या. पुढच्या बाजूला आतून रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला, म्हणजे पुढची-मागची बाजू तिची तिला कळेल.

आता हे काम शेवटाकडून शिकवायचं. पायजमा धरणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेवर अशा सहा पायऱ्या धरा. पहिल्या पाच तुम्ही करा, कमरेवर ओढणं तेवढं तिचं. सलग तीन दिवस मदतीशिवाय जमलं की पायजमा गुडघ्यांवरच सोडा. असं एकेक पायरी मागे सरकत जा. यात काम दर वेळी तिच्याच हातून पुरं होतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर ती पाय घालतानाच दमते, आणि पुढचं आई करते एवढंच तिच्या लक्षात राहतं.

डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, उभ्याने एक पाय उचलला की तोल जातो. तळवे जमिनीला टेकतील असं बुटकं स्टूल एका बाजूने भिंतीला लावून त्यावर बसवा. मदत तिच्या पाठीमागे बसून, तिच्या हातांवर हात ठेवून करा. समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं दिसतं. बोलणं कमी ठेवा. सारखं ‘ओढ, ओढ’ म्हटलं तर पुढे तो शब्द ऐकल्याशिवाय हात हलत नाही. हाताची मदत हळूहळू काढून घेता येते, ही सवय मात्र चिवट असते. घरात सगळ्यांची पद्धत एकच हवी. आजीनं मायेनं सगळा पायजमा चढवून दिला की मूल थांबून राहायला शिकतं.

बटणं नंतर. आधी काढणं, मग लावणं. आधी टेबलावर पसरलेल्या शर्टावर, मग अंगावर. बटणं रुपयाच्या नाण्याएवढी घ्या. गणवेशाला आतून वेल्क्रो आणि वरून नुसती दिसायला बटणं शिवून घेतलीत तरी चालेल, त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : मुलगा 6 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम) आहे. गणपतीत नाशिक ढोल सुरू झाला की कान दाबून किंचाळतो. विसर्जनाला त्याला न्यावं का? – एक वडील, पंचवटी

उत्तर : न्या, पण लांबून दाखवा. कानावरचे इअरमफ टिपेचे, तीक्ष्ण आवाज चांगले अडवतात, ढोलाचा खर्ज तितका नाही. तो छातीतही जाणवतो. म्हणून अंतर महत्त्वाचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून तो परत येतो, तिथे हा फायदा मिळत नाही. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मुख्य मिरवणुकीत शिरण्यापेक्षा घराजवळच्या लहान मंडळाची मिरवणूक मोकळ्या मैदानाच्या कडेने दाखवा आणि परतायची वाट आधीच ठरवा.

तयारी महिनाभर आधी. इअरमफ घरी रोज दोन-तीन मिनिटं घालायची सवय करा. ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा आणि बंद करायचं बटण त्याच्याच हातात द्या. दिवसभर मात्र इअरमफ ठेवू नका, नाहीतर रोजचे आवाजही त्याला सोसेनासे होतात. किंचाळला तर समजूत घालत तिथेच उभे राहू नका, आधी बाहेर पडा.

प्रश्न : मुलगा आठवीत. वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता निघाली आहे. दहावीच्या सवलतींचं तेव्हाच पाहू का? – एक आई, नाशिकरोड

उत्तर : नको, आत्ताच सुरू करा. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे. तासाला 20 मिनिटं म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास वाढतो. त्यासाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, अर्ज शाळेमार्फत जातो. तपासण्या आणि कागदपत्रांत वेळ जातो, दहावीच्या वर्षावर ते ढकलू नका.

लेखनिकाला सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. उत्तर मनात जुळवायचं, वाक्य पुरं सांगायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं. सरावाशिवाय मुलं तुटक शब्द सांगतात आणि माहीत असलेल्या उत्तराचेही गुण जातात. आठवीच्या चाचणीपासूनच शाळेकडे लेखनिक मागा, आणि घरी आठवड्याला एक उत्तर त्यानं सांगावं, तुम्ही शब्दशः उतरवून घ्यावं. चुकलेलं वाक्य तुम्ही सुधारू नका.