सासूबाईंची कहाणी आणि माझा शेवटचा प्रकल्प

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. घर आणि नोकरी सांभाळून तुम्ही पुराणकथा व लोककथांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतलात, आता सत्राचा शेवटचा प्रकल्प बारा दिवसांवर आला आहे, आणि त्यासाठी श्रावणात मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली सासूबाईंची जिवतीची कहाणीच अडचणीची झाली आहे. जेवताना तुम्ही कौतुकाने सांगितलेत की ही कहाणी ग्रीकांच्या ईडिपसच्या गोष्टीच्या जातीची असून लोककथांच्या प्रकारांच्या जागतिक सूचीत तिचा क्रमांक ९३१ आहे. सासूबाईंनी ईडिपस म्हणजे कोण ते विचारले, नकळत बापाला मारून आईशीच लग्न करणारा राजा असे तुम्ही सांगितलेत, आणि त्या पानावरून उठल्या. "देवीच्या कहाणीत हे असले शोधतेस? ते पुसून टाक," एवढेच बोलून त्या गप्प आहेत. ते ध्वनिमुद्रण त्यांना न सांगता वापरावे, की ते सोडून पुस्तकातली एखादी निरुपद्रवी गोष्ट घ्यावी, असे तुम्ही विचारता.

न सांगता वापरू नका. कहाणी कोणाच्या मालकीची नसली, तरी तो आवाज त्यांचा आहे आणि 'पुसून टाक' असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. अर्थात पुस्तकातली गोष्ट घेऊन सुटका करून घेण्याचीही मला घाई वाटत नाही, कारण सासूबाईंच्या रागात तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला मुद्दा दडलेला आहे आणि तो तुम्ही अजून पाहिलेला दिसत नाही.

ज्या सूचीवर तुम्ही विसंबलात ती लोककथांचे अभ्यासक आर्ने यांनी १९१० साली केली, टॉम्पसन यांनी ती दोनदा वाढवली आणि उथर यांनी २००४ साली पुन्हा रचली. गोष्ट कपाटाच्या कोणत्या खणात ठेवायची एवढेच ती सांगते. गोष्ट काय म्हणते हे तिला विचारायचे नसते. आता आपली कहाणी पुन्हा आठवा. सुईण गरीब ब्राह्मणीचे मूल चोरून राणीला देते आणि बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवते. मूल राजवाड्यात वाढते, तरुण होते, आणि एके दिवशी नकळत जन्मदात्रीवरच मोहित होऊन रात्री तिच्या दाराशी येते. तिथे त्याचा पाय वासराच्या शेपटीवर पडतो, वासराला वाचा फुटते, आणि जो आपल्या आईकडे जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिणार, असे गाय वासराला सांगते. तो उंबऱ्यावरूनच परत फिरतो. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ईडिपसवरील नाटकात जे घडून जाते आणि ज्यापायी राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो, ते इथे घडतच नाही. पुढे भोजनाच्या पंगतीत आईला पान्हा फुटतो, दुधाची धार मुलाच्या तोंडात पडते आणि ओळख पटते. म्हणजे 'असले काही या कहाणीत नाही' हे सासूबाईंचे म्हणणे निम्म्याहून अधिक खरे आहे.

शिवाय ही कहाणी मुलाची नसून आईची आहे. हिरवे लुगडे न नेसणारी, हिरव्या बांगड्या न भरणारी, तांदळाचे धुवण न ओलांडणारी आणि माझे बाळ जिथे असेल तिथे खुशाल असो म्हणून अक्षता उडवणारी बाई तिच्या केंद्रस्थानी आहे. इरावती कर्वे यांनी ईडिपसच्या गोष्टीच्या एका मराठी रूपावर १९५० सालीच लिहिले होते, आणि अशा गोष्टी भारतात आईच्या बाजूने सांगितल्या जातात हे ए. के. रामानुजन यांनी कन्नड कथेच्या आधारे दाखवले आहे. प्रकल्पाला एवढे पुरेल.

तुमच्याच पत्रातली एक ओळ तुम्ही फार घाईने ओलांडलीत. मुद्रणात 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' झाल्यावर कुकरची शिट्टी होते आणि सासूबाई अक्षता उडवताना म्हणतात, "धाकट्याला अमेरिकेत लागतील." तुमच्या दिराला तिकडे जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. जेवणाच्या ताटावर तुम्ही ज्या कहाणीला क्रमांक दिलात ती त्यांच्यासाठी काय होती, हे मी निराळे सांगायला नको. (ताटावर क्रमांक सांगू नयेत, हे माझे खासगी मत.)

तेव्हा आधी क्षमा मागा, पण प्रकल्प मनात ठेवून मागू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग दुपारच्या चहानंतर त्यांचे मुद्रण त्यांनाच ऐकवा, कारण बहुधा त्यांनी ते एकदाही ऐकलेले नसेल. ते कोण ऐकेल, किती काळ राहील, त्यांचे नाव यावे की नको, कोणता भाग गाळायचा, हे सारे मराठीत, सावकाश विचारा. सांगणाऱ्याला मान देण्याची रीत या अभ्यासात नवी नाही. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ साली दख्खनच्या कथांचे पुस्तक काढले, तेव्हा त्या कथा सांगणारी आया अॅना लिबराता डिसूझा हिचे नाव तर दिलेच, शिवाय तिची स्वतःची हकिगतही आरंभी छापली. आज ते पुस्तक उघडले की कथांइतकीच ती हकिगत लक्षात राहते.

त्या नाहीच म्हणाल्या, तर त्यांच्यासमोर मुद्रण पुसा आणि छापील कहाणीवर लिहा. वरची तुलना तिच्यावरही उभी राहते. कुकर आणि अमेरिका मात्र मग प्रकल्पात येणार नाहीत.

या वर्षी जिवतीपुढे बसून कहाणी वाचताना तुम्हाला कथाघटकच, म्हणजे गोष्टीगोष्टींतून फिरणारे ठरावीक तुकडेच, दिसू लागले आणि आपली श्रद्धा गेली की काय अशी भीती वाटली, असेही तुम्ही शेवटी लिहिता. पहिल्या सत्रात सगळ्यांचेच असे होते. नवा चष्मा आला की काही दिवस काचच दिसते. पुढच्या श्रावणात वाचण्याऐवजी नुसते ऐकायला बसा.

शिक्षकांना मात्र आजच लिहा. सांगणाऱ्या व्यक्तीची संमती अजून मिळायची आहे, म्हणून आठवडाभराची मुदत हवी, एवढे एकच वाक्य पुरे. दिराचा उल्लेख त्यात नको; तो राहू द्यायचा की गाळायचा, हे सासूबाईंनी ठरवायचे आहे.