चौथ्या पिढीच्या आय-थ्री लॅपटॉपला कुठलीही डीडीआर-३ रॅम चालते का?

नाही, वाटेल ती चालत नाही. तुमच्या लॅपटॉपला डीडीआर-३-एल लागेल, आणि तो शेवटचा 'एल' भावाला फोनवर दोनदा सांगा.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१४ सालचा आहे, प्रोसेसर आय३-४००५यू, रॅम ४ जीबी. मुलगी अकरावीत गेलीय, ऑनलाइन तास आणि ब्राउझर एकत्र उघडले की सगळं अडकतं. भाऊ गणपतीला देवगडला येताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीची रॅम आणणार आहे, आणि गावातला दुकानदार म्हणतो, डीडीआर-३ असली की झालं. मी कुडाळला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. मुंबईहून आणलेली रॅम लागत नाही म्हणून गणपतीनंतर लोक हमखास येतात, आणि तोवर चाकरमानी परत गेलेला असतो. बिल त्याच्याकडे, दुकान तिकडे, बदलून घेणार कोण? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधी डीडीआर-३ रॅम १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर-३-एल १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत १.५ व्होल्टची रॅम असायची, तिसऱ्या पिढीत दोन्ही चालायच्या, आणि चौथ्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरांना १.३५ व्होल्टचीच लागते. तुमचा प्रोसेसर त्यातलाच. घोळ होतो तो यामुळे की दोन्ही प्रकारांना पिना २०४च, आणि मधली खाचही एकाच जागी. त्यामुळे चुकीची रॅम स्लॉटमध्ये, म्हणजे रॅम बसवायच्या खोबणीत, अगदी नीट बसते. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. माणसाला वाटतं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, जुनी रॅम परत लावली की लॅपटॉप पूर्वीसारखा चालू होतो. उलट बाजूने मात्र अडचण येत नाही. 'एल'वाली रॅम १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपलाही ती सहसा लागते. दुकानदाराचा अनुभव त्या जुन्या लॅपटॉपांवरचा असणार.

आता सर्वांत भरवशाचा मार्ग. आत असलेली रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, बाहेर काढा आणि तिच्यावरचं लेबल वाचा. इंटरनेटवरची कुठलीही यादी त्यापुढे दुय्यम. तुमच्या लेबलवर बहुधा 'पीसी३एल-१२८००एस' असं काहीतरी सापडेल. पीसी३ म्हणजे डीडीआर-३, एल म्हणजे कमी व्होल्टेज. १२८०० हा वेग, त्याला ८ने भागलं की १६०० येतं, म्हणजे बाजारात जिला '१६००ची रॅम' म्हणतात ती. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक. तिथे यू असेल तर ती डेस्कटॉपची लांब स्टिक, ती तुमच्या काही कामाची नाही. १६००च्या जागी १३३३ मिळाली तरी चालेल, फक्त दोन्ही स्टिक १३३३च्या वेगाने चालतील. १८६६ मिळाली तर ती १६००वर उतरून चालेल. वेगाची काळजी करू नका, व्होल्टेजची करा. लेबलचा स्पष्ट फोटो काढून भावाला पाठवा, म्हणजे दुकानात तोंडी सांगायची वेळच येणार नाही.

काढताना चार्जर आणि बॅटरी आधी बाजूला करा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी आतल्या बाजूला असेल तर तिचं कनेक्शन सोडवा. बऱ्याच मॉडेलना तळाशी रॅमसाठी छोटं झाकण असतं, काहींचा सगळा तळ काढावा लागतो. स्टिकच्या दोन्ही कडेच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की ती आपोआप वर उचलली जाते. ओढून काढायची नाही.

तिथेच मोजा, स्लॉट किती आहेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ही माहिती दिसते, पण ती कधीकधी चुकते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं बरं. दोन स्लॉट असतील तर जुनी ४ जीबी तशीच ठेवून शेजारी ८ची लावा, १२ जीबी होईल. दोन स्टिक वेगवेगळ्या क्षमतेच्या असल्या तरी इंटेलचे हे प्रोसेसर सांभाळून घेतात. एकच स्लॉट असेल तर ४ काढून ८ लावा. काही मॉडेलांत ४ जीबी मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) पक्की बसवलेली असते आणि एक स्लॉट मोकळा असतो, तिथे स्लॉटमध्ये ८ची लावायची. १६ जीबीची एक स्टिक मात्र अजिबात घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात दिली तरी. चौथ्या पिढीत एका स्लॉटला ८ जीबीच चालते. तुमच्या कामाला ८ पुरेल, १२ झाली तर छानच.

विंडोज ३२ बिटची असेल तर वाढवलेली रॅम ती वापरणारच नाही, तिची मजल ४ जीबीच्या आतच संपते. सिस्टीमच्या माहितीत ६४ बिट लिहिलंय ना, हे रॅम मागवण्याआधी बघून घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगून ठेवते. तुमचा लॅपटॉप सहाव्या पिढीचा असेल तर नुसत्या पिढीवरून काही ठरत नाही. त्यात काही मदरबोर्ड डीडीआर-३-एलचे आहेत, काही डीडीआर-४चे. डीडीआर-४ला पिना २६० आणि खाच दुसरीकडे, म्हणून ती चुकून बसत तरी नाही, पण पैसे अडकतात. लेबल वाचायचं तेवढ्यासाठी.

आपल्याकडची एक गोष्ट मुंबई-पुण्याचे व्हिडिओ सांगत नाहीत. तुम्ही देवगडला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात. त्यात पावसाळ्याचे चार महिने. रॅमच्या सोनेरी पिनांवर काळसर थर धरतो, आणि मग लॅपटॉप मध्येच बंद पडतो, रॅम अर्धीच दाखवतो किंवा चालूच होत नाही. माझ्याकडे 'रॅम गेली' म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी रॅम धडधाकट असतात. पांढऱ्या, मऊ खोडरबराने पिना हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटका, मग सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदा फिरवा. स्लॉटमध्ये कोरडा मऊ ब्रश पुरे. आत हिरवट डाग दिसले तर मात्र स्वतः खरवडू नका, कारागिराला दाखवा. नवी रॅम लावतानाही हे करून घ्या.

नवी स्टिक तिरकी, साधारण ३० अंशात, पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा, दोन्ही क्लिपांचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, घाबरून लगेच बंद करू नका. चालू झाला की मेमटेस्ट-८६-प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावून ठेवा. मध्ये लाईट गेली तर चाचणी थांबते, नुकसान काही नाही, परत लावायची. एकही चूक दाखवली तर स्टिक बदलून घ्या, आणि भाऊ गावात असतानाच हे सगळं उरका.

लॅपटॉप अडकलेला असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क दोन्हींचे आकडे बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅमने नक्की फरक पडेल. मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर आधी जुनी हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला, रॅम नंतर. इतक्या जुन्या लॅपटॉपला दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी बहुतेकदा एसएसडीच सुचवते. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले आणि विंडोज ११साठी तुमचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, म्हणून नवी डिस्क घालणारच असाल तर तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून मुलीला आठवडाभर वापरून बघू द्या. ब्राउझरमधला अभ्यास त्यावर नीट होतो आणि मराठी टायपिंगही करता येतं.