नवी आयपी फोन सिस्टीम आली म्हणून जुनी पीआरआय लाइन आणि ई-वन कार्ड मोडीत काढावं का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. कारखान्याच्या ऑफिसात ऐंशीएक एक्स्टेंशन आहेत, जुन्या ईपीएबीएक्सवर (ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर) एक पीआरआय लाइन (एकाच वेळी ३० कॉल नेणारी टेलिकॉम कंपनीची डिजिटल लाइन) चालू आहे आणि आता आयपी फोन येताहेत. व्हेंडर म्हणतो, पीआरआय बंद करा, एसआयपी ट्रंक (आयपी जोडणीवरून येणारी फोन लाइन) घ्या. एक डीलर मात्र ई-वन कार्ड (पीआरआय ज्यात जोडतात ते कार्ड) बसवलेला सेकंडहँड सिस्को २९११ राउटर स्वस्तात देतोय. घ्यावा का?

माझं स्पष्ट मत: पीआरआय एवढ्यात बंद करू नका. ती गेटवेमार्फत, म्हणजे जुनी लाइन आणि आयपी यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या डब्यामार्फत, नव्या सिस्टीमला जोडा. २९११ घ्यायलाही हरकत नाही, पण त्याच्याकडून फक्त गेटवेचं काम करून घ्या. ऑफिसचं इंटरनेट त्याच्यावरून नेऊ नका.

पुणे आणि आसपासच्या कारखान्यांत मी हीच कामं करतो, आणि लाइन बदलायचा विषय निघाला की आधी नंबरांबद्दल विचारतो. आपल्याकडे मोबाइल नंबर पोर्ट होतो, लँडलाइनचा होत नाही. तुमच्या पीआरआयवर १०० डीआयडी नंबर (बाहेरून थेट एक्स्टेंशनवर लागणारे नंबर) असतील तर ते त्या टेलिकॉम कंपनीचे आहेत. कंपनी बदलली की नंबर गेले. तुमच्या यंत्रांच्या नेमप्लेटवर सर्व्हिसचा नंबर कोरलेला असेल, दूरच्या एखाद्या साखर कारखान्यात ते यंत्र अजून चालत असेल, आणि बिघाड झाला की तिथला फिटर तोच नंबर फिरवणार. तो फोन लागलाच पाहिजे. म्हणून सध्याच्याच कंपनीला आधी विचारा की हेच नंबर एसआयपी ट्रंकवर देणार का. उत्तर लेखी घ्या. ते हातात येईपर्यंत पीआरआयला हात लावू नका.

आता कार्डाकडे येऊ. ई-वन म्हणजे पीआरआय ज्यावर चालते ती डिजिटल जोडणी. तिचा वेग २.०४८ एमबीपीएस. त्यात ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट असतात. शून्य नंबरचा फ्रेमिंगसाठी, सोळावा सिग्नलिंगसाठी, उरलेल्या ३० वर बोलणं. हेच ३० कॉल आयपीवर जी.७११ कोडेकने (आवाजाचं डिजिटल रूप करायच्या पद्धतीने) आणले की हेडर धरून एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे सगळे मिळून अडीच-पावणेतीन एमबीपीएस. लॅनला हे काहीच नाही. या कोडेकचा ए-लॉ प्रकार ठेवा. आपल्याकडचं जाळं ए-लॉवर चालतं, अमेरिकन डिफॉल्ट म्यू-लॉ असतो.

सेकंडहँड राउटर घेताना बहुतेक लोक कार्ड बघतात आणि डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिप) विसरतात. कार्ड फक्त लाइन उचलतं. आवाजाचं आयपी पॅकेट करण्याचं काम मदरबोर्डवरचं पीव्हीडीएम मॉड्यूल करतं, डीएसपी त्यातच असतात. पीव्हीडीएम-३ चं १६ चं मॉड्यूल असेल तर जी.७११ वर १६ कॉल निघतील आणि सतरावा लागणार नाही, लाइन ३० ची असली तरी. तुम्हाला किमान ३२ चं हवं. दुसरं, २९११ वर व्हॉइसच्या कमांड यूसी लायसन्सशिवाय (सिस्कोच्या फोन सुविधांच्या वेगळ्या परवान्याशिवाय) चालतच नाहीत. डीलरला राउटर चालू करून ‘शो इन्व्हेंटरी’ आणि ‘शो लायसन्स’ दाखवायला सांगा. नुसतं ‘चालू कंडिशन’ म्हटल्यावर पैसे देऊ नका.

तिथंच एक आरजे-४५ चा लूपबॅक प्लग करून लावा: पिन १ आणि ४ एका तारेने जोडायच्या, २ आणि ५ दुसऱ्या तारेने. क्लॉक (बिटांचा ताल धरणारं घड्याळ) तेवढ्यापुरतं इंटर्नल ठेवा. कंट्रोलर ‘अप’ झाला तर पोर्ट जिवंत आहे. आयएसडीएनचा (पीआरआयमागच्या डिजिटल टेलिफोन तंत्राचा) दुसरा लेयर, म्हणजे कॉलचे संदेश नेणारा दुवा, मात्र लूपवर वर येणार नाही. तो कंपनीच्या खऱ्या लाइनवरच तपासायचा, आणि तिथं ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसायला हवं.

घेण्याआधी टेलिकॉम कंपनीच्या मक्सची (लाइन तुमच्या हाती देणाऱ्या डब्याची) मागची बाजू बघून या. हँडऑफ दोन प्रकारचा असतो: ७५ ओहमचा कोअॅक्स, बीएनसी कनेक्टरवाला, किंवा १२० ओहमचा आरजे-४५. कोअॅक्स असेल तर मधे बॅलन (७५ आणि १२० ओहम जुळवणारा अडॅप्टर) लागेल. लाइन कोडिंग (बिट तारेवर पाठवायची पद्धत) एचडीबी-३ आणि सीआरसी-४ (चुकांची तपासणी) चालू की बंद, हे दोन्ही बाजूंना सारखं असायलाच हवं. लाइन बाहेरून तांब्यावर येत असेल तर क्रोन मॉड्यूलमध्ये (तांब्याच्या तारा जोडायच्या पट्टीत) सर्ज प्रोटेक्शन आणि चांगलं अर्थिंग आधी करून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की पहिलं कार्डच जातं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट म्हणजे क्लॉक. ई-वनमध्ये सेकंदाला ८००० फ्रेम जातात, एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दोन्ही टोकांची घड्याळं थोडी जरी वेगळी चालली तरी काही काळाने एक फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच स्लिप म्हणतात. बोलताना फार तर बारीकसा टिक ऐकू येतो, कधी तोही नाही. म्हणून सगळे म्हणतात लाइन उत्तम आहे. पण फॅक्स अर्ध्या पानावर तुटतो, जुन्या डायल-अप मोडेमचा कॉल मधेच पडतो, आणि दोष फॅक्स मशीनला दिला जातो. असं काही दिसलं तर ‘शो कंट्रोलर्स ई-वन’ द्या आणि ‘स्लिप सेक्स’ चा आकडा वाढतोय का ते बघा. उपाय साधा आहे. क्लॉक नेहमी लाइनकडून घ्यायचं, आणि ‘नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट’ ची ओळ टाकून राउटरच्या आतल्या डीएसपीलाही तेच क्लॉक द्यायचं. ही दुसरी ओळ राहून जाते आणि माणसं केबल बदलत बसतात.

सुरक्षेबद्दल अगदी गंभीरपणे सांगतो. २९११ चा सिस्कोचा सपोर्ट डिसेंबर २०२२ मध्ये संपला, पॅच येणार नाहीत. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, फक्त आयपी-पीबीएक्सच्या (नव्या फोन सिस्टीमच्या) पत्त्यावरूनच एसआयपी स्वीकारू द्या. एसआयपीचा ५०६० पोर्ट बाहेर उघडा राहिला तर रात्रीतून कोणीतरी परदेशात कॉल लावत बसेल आणि बिल तुमच्या नावे येईल. आयएसडी लागत नसेल तर टेलिकॉम कंपनीकडूनच बंद करून घ्या. दुसऱ्या शहरात शाखा असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: तिथला कॉल आयपीवरून इथं आणून इथल्या पीआरआयवरून लोकल म्हणून बाहेर काढणं हा टोल बायपास ठरतो, त्याला आपल्याकडे परवानगी नाही. डायल प्लॅन (कुठला नंबर कुठल्या वाटेने जाईल याचे नियम) लिहितानाच तो रस्ता बंद करा.

ई-वन कार्ड थेट पीबीएक्स सर्व्हरमध्ये बसवायचा सल्लाही कोणी देईल. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर त्या फंदात पडू नका, वेळेच्या बाबतीत ही कार्डं फार काटेकोर असतात. गेटवे वेगळा असला की उद्या पीआरआय गेली तरी फक्त तो डबा निघतो, फोन सिस्टीम तशीच राहते. आणि ती कधीतरी जाणारच. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं आयएसडीएनसकट जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. बजेट थोडं वाढवता येत असेल तर २९११ ऐवजी सपोर्ट चालू असलेला नवा पीआरआय गेटवे घ्या. वडोदऱ्याच्या मॅट्रिक्सपासून ऑडिओकोड्सपर्यंत बरेच मिळतात, आणि वर सांगितलेलं क्लॉक, सीआरसी, ओहमचं गणित त्यांनाही तसंच लागू आहे.

एसआयपी ट्रंकवर नंबर मिळाले तरी पहिला महिना दोन्ही चालू ठेवा आणि त्या काळात प्रत्येक डीआयडीवर बाहेरून एकेक फोन करून बघा. लिफ्टमधला फोन, फायर पॅनेलचा डायलर आणि गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर कोणाच्याच यादीत नसतो. आधी ते शोधून काढा.