दिवाळीच्या सुट्टीत ताडोबात वन्यप्राणी दिसतील का, की उन्हाळ्यापर्यंत थांबावे?

ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्याहून दोन मुलांना घेऊन ताडोबाला जावे की मे महिन्याची वाट पाहावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य जावे. मात्र उन्हाळ्यात प्राणी ज्या रीतीने दिसतात, त्या रीतीने ते आता दिसणार नाहीत, याची कल्पना मुलांना आधीच दिलेली बरी.

ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. १ ऑक्टोबरला ते उघडते तेव्हा प्रत्येक नाल्यात आणि बोडीत (लहान तळ्यात) पाणी असते, बांबू हिरवागार असतो आणि रस्त्याच्या कडेचे गवत बसलेला वाघ सहज झाकून टाकील इतके वाढलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यापाशी जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, उभी केली की तहानलेले प्राणी आपणहून समोर येतात. शरदात त्यांना कोठेही पाणी मिळत असल्याने ते जंगलभर विखुरलेले असतात. म्हणून या दिवसांत पाणवठ्यावर ताटकळत बसणे म्हणजे सकाळ वाया घालवणे होय. त्याऐवजी रस्ता आणि आवाज या दोहोंवर लक्ष ठेवावे.

दहिवराने भिजलेल्या उंच गवतापेक्षा वाघ आणि बिबट्या मोकळ्या, मऊ मातीच्या वाटेने चालणे पसंत करतात, आणि पावसानंतर दमट राहिलेल्या त्या मातीत त्यांचे ठसे उत्तम उमटतात. ताज्या ठशाची कड धारदार असते. रात्रीचा ठसा असेल तर कड ढासळलेली दिसते, त्यावर झाडांवरून ठिबकलेल्या दवाच्या बारीक खळ्या पडलेल्या असतात आणि एखाद्या किड्याची रेघही त्यावरून आडवी गेलेली असते. चार बोटे असून नखे उमटलेली नसतील तर तो बहुधा मांजरकुळातील प्राणी. नखे उमटली असतील तर रानकुत्रा किंवा तरस असण्याचा संभव असतो. अस्वलाच्या नखांच्या खुणा मात्र बोटांच्या बऱ्याच पुढे उमटतात, त्यामुळे त्या एकदा पाहिल्या की पुन्हा ओळखण्यास कठीण जात नाहीत. हे सर्व गाडीत बसूनच पाहायचे असते, कारण खाली उतरण्यास परवानगी नसते.

आवाजाच्या बाबतीत मुख्य अडचण अशी, की चितळ फार लवकर घाबरते. त्याची तीक्ष्ण हाक एकदोनदा ऐकू आली म्हणून गाडी पळवण्यात अर्थ नसतो. सांबराने ‘पोंक’ असा मोठा आवाज थांबून थांबून काढत राहणे अधिक भरवशाचे, आणि त्याच वेळी झाडाच्या शेंड्यावरचे वानर खाकरत असेल तर त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहावे. आपल्याला गवताआड जे दिसत नाही ते त्याला वरून दिसत असते. अशा वेळी इंजिन बंद करून थांबण्यास गाइडला आपणच सांगावे. पाच-सहा गाड्यांच्या घोळक्यात हे साधत नाही, हेही खरे. वाट पाहताना कंटाळलेल्या मुलांना झाडांच्या मध्ये ताणलेली, उन्हात सोनेरी दिसणारी मोठ्या रानकोळ्यांची जाळी दाखवावीत. मे महिन्यातील पर्यटकांना ती क्वचितच पाहायला मिळतात.

आपण पुण्यात राहत असल्यामुळे आणखी एक सुचवतो. ताडोबाच्या आधी एक सकाळ बारामती तालुक्यातील सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात घालवावी. पुण्याहून हे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. परंतु माळरान उघडे असल्याने शरदातही नजर दूरवर पोहोचते. येथे चिंकारा दिसण्याची शक्यता चांगली असते. तो बिचकला की धावत सुटतो, पण थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहतो. त्याच्या मागे गाडी नेली तर तो पुन्हा पळतो आणि मग दिसेनासा होतो. जागीच थांबले तर अनेकदा तो पुन्हा चरू लागतो. प्राणी पाहताना हालचाल न करण्याची सवय मुलांना लावण्यासाठी याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. वाऱ्याने गवत हलत असताना चिंकाऱ्याचा तांबूस रंग त्यात मिसळून जातो, तेव्हा पांढऱ्या पोटाचा पट्टा आणि हलणारी काळसर शेपटी शोधावी. बूट व जाड मोजे घालावेत, कारण या दिवसांत वाळू लागलेल्या गवताची कुसळे कापडात शिरतात आणि घरी आल्यावरही निघता निघत नाहीत. काळवीट पाहायचे असल्यास अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य गाठावे. पावसाळ्यानंतरच्या या काळात नरांचा रंग विशेष गडद असतो.

ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि दिवाळीतील सफारीच्या फेऱ्यांची नोंदणी लवकर संपते. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारावर जागा मिळाली नाही तर बेत रद्द करू नये. आगरझरी, देवाडा आणि जुनोना या गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रांतही वाघांचा वावर आहे. शक्य असल्यास एकापेक्षा अधिक फेऱ्या घ्याव्यात, त्यांत निदान दोन सकाळच्या असाव्यात, आणि उघड्या गाडीत पहाटेचा वारा बोचत असल्यामुळे मुलांसाठी स्वेटर व कानटोप्या सोबत ठेवाव्यात. नऊ-दहा वाजता ऊन तापू लागले की ते उतरवावेच लागतील.